पाठीवरचं १९६६ आणि पश्चिमेची खिडकी

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न असा: "माझ्याकडे अकरा फॅशन डॉल्स आहेत, बहुतेक बार्बीच. आणखी तीन घ्यायचं मनात आहे. एक मेड टू मूव्ह बार्बी, एक रेनबो हाय, आणि ऐरोलीच्या एका गृहस्थांकडची जुनी बार्बी. तिच्या पाठीवर १९६६ कोरलेलं आहे, म्हणून ते अठरा हजार मागतात. घेऊ का? नव्या दोघींना बॉक्समधून काढू की तशाच ठेवू? हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर काचेचं कपाट करून घेतलंय, तिथे ठेवणार आहे. आणि चार वर्षांची भाची येते, तिला हात लावू द्यावा का?"

ताई, आधी त्या अठरा हजारांचं बघू. बाकी सगळं निवांत होईल, तिथे मात्र घाई केलीत तर पैसे गेले म्हणून समजा.

मी बाहुल्यांकडे आलो तो मागच्या दाराने. तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकचे साचे केले. बादल्या, टिफिनचे डबे, पंख्याची पाती. लेकीच्या बार्बीचा पाय निखळला, तो बसवायला घेतला आणि तिथेच अडकलो. आज ठाण्याच्या घरात लहान-मोठ्या मिळून दीडशेच्या वर बाहुल्या आहेत आणि दुरुस्तीला येणाऱ्या वेगळ्या. तेव्हा हे उत्तर साचेवाल्याचं आहे असं समजून वाचा.

साच्यावर कोरलेला आकडा आणि त्यातून माल निघाल्याची तारीख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलादात एकदा आकडा कोरला की साचा चालेल तोवर प्रत्येक नगावर तोच उमटत राहतो. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने कमरेत वळणारी बार्बी १९६७ मध्ये बाजारात आणली, तिच्या धडाचा कॉपीराइट १९६६ चा. ते १९६६ पुढे नव्वदच्या दशकापर्यंत लाखो बाहुल्यांच्या पाठीवर, कमरेच्या जरा खाली, उमटत राहिलं. त्या गृहस्थांनी तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही, बहुधा त्यांचाही तसाच समज झालेला असेल. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हे १९६६ घेऊन माझ्या दारात उभं असतं.

आकड्याच्या आसपास देशाचं नाव बघा. १९५९ पासूनच्या पहिल्या काही वर्षांतल्या बार्बी जपानमध्ये बनलेल्या होत्या. पुढे तैवान, हाँगकाँग, फिलिपिन्स, मलेशिया, चीन, इंडोनेशिया अशी नावं येतात. मग डोक्याकडे वळा. मानेच्या मागे किंवा मानेच्या आतल्या कडेला डोक्याच्या साच्याचं वेगळं वर्ष असतं. तिथे १९७६ दिसलं तर तो मोठ्या हास्याचा, दात दिसणारा 'सुपरस्टार' चेहरा, आणि तोही कित्येक वर्षं चालला. पाठीवर १९६६, मानेवर १९७६ आणि खाली मलेशिया, असा मेळ निघाला तर बाहुली तुमच्या शाळा-कॉलेजच्या काळातली आहे. बॉक्स नसेल तर मी तिला हजार-दीड हजाराच्या वर हात लावणार नाही. केस मूळचे, कपडे मूळचे आणि बुटांचा जोड पुरा असेल तर थोडं पुढे सरकेन.

अपवाद एकच, आणि तो आपल्याच घरचा. सूटकेसवाल्या ब्लो प्लास्टबरोबर मॅटेलचं इथे काम चाले, आणि नव्वदच्या दशकात 'लिओ मॅटेल' छापलेल्या बॉक्समधून साडी नेसलेल्या, टिकली लावलेल्या बार्बी दुकानात मिळत. परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात आणि आपल्याकडे त्या माळ्यावर पडून असतात. त्या गृहस्थांकडे बॉक्स असेल आणि त्यावर 'लिओ' दिसलं तर मला फोटो पाठवा, मग किमतीचं बोलू.

आता नव्या दोघी. यात मी सरळ पक्ष घेतो: मेड टू मूव्ह घ्या, रेनबो हाय सध्या थांबवा. मेड टू मूव्ह २०१५ ची, बावीस सांधे. मनगट, कोपर, गुडघा, घोटा सगळं वळतं. तुमच्याकडे अकरा बार्बी आहेत म्हणजे कपडे आहेत, बूट आहेत, खुर्च्या आहेत. मूळ बांध्याची मेड टू मूव्ह घेतलीत तर ती यातलं बहुतेक सगळं वापरेल. पावलाचं मात्र बघा, तिचा तळवा सपाट आहे, त्यामुळे जुने टाचांचे बूट तिला बसायचे नाहीत. रेनबो हाय २०२० ची, एमजीए कंपनीची. देखणी आहे यात वाद नाही, पण तिचं डोकं मोठं, बांधा वेगळा, पाऊल वेगळं. तिच्यासोबत एक नवा संसार घरात येतो. २०१६ मध्ये मॅटेलने उंच, ठेंगणा आणि भरलेला असे तीन बांधे आणले तेव्हा मी उत्साहाने तिन्ही उचलले होते. भरलेल्या बांध्याला आमच्या घरातला एकही ब्लाउज होईना. बायको महिनाभर शिवत बसली आणि मला जे ऐकवायचं ते ऐकवलंही. याच एमजीएच्या ब्राट्झला बूट बदलायचे तर पाऊलच उपटून काढावं लागतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पाय तुटला म्हणून मी घाबरलो होतो. एकच लक्षात ठेवा: नव्या घराण्याची बाहुली घ्यायची तर तिच्याबरोबर कपड्यांचा आणि बुटांचा खर्चही आजच धरायचा.

कुठून घ्यायची? सध्या विक्रीत असलेली बाहुली वाशी-सीवूड्सच्या मॉलमधल्या दुकानातून घ्या, पावती घ्या आणि बॉक्सवर आयएसआयचं चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. परदेशातून मागवायचा मोह होईल, कारण तिथली किंमत निम्मी दिसते. त्या निम्म्यावर भुलू नका. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झाली आणि २०२३ मध्ये सत्तर. 'गिफ्ट' म्हणून करमुक्त मागवायची पळवाट २०१९ च्या डिसेंबरातच बंद झाली. त्यामुळे परदेशी विक्रेता "मी बॉक्सवर गिफ्ट लिहितो" म्हणाला तर त्याला नको म्हणा. पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टात, म्हणजे परदेशी टपालाच्या कार्यालयात, अडकलं की तुमच्या दोन-चार चकरा नक्की. गंमत बघा, या बाहुल्यांचे कंटेनर उतरतात ते तुमच्या घरापासून तासाभरावर, न्हावाशेव्याला.

रस्त्यावर आणि ठाण्यात जांभळी नाक्याच्या गल्लीत दोनशे रुपयांना मिळणाऱ्या 'बार्बी'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण वापरलेल्या बाहुल्यांच्या ढिगात त्या मिसळलेल्या असतात. हातात घेतली की पोकळ आणि हलकी लागते. हातापायाच्या कडेने नख फिरवा, दोन अर्ध्या भागांचा जोड जिथे येतो ती रेघ टोचते. आम्ही तिला पार्टिंग लाइन म्हणायचो, आणि ती साफ न करता माल पुढे सोडणारा कारागीर आमच्याकडे टिकला नसता. केस बोटांनी भांग पाडून बघा. चांगल्या बाहुलीला डोकंभर टाके असतात, नकलीला फक्त कडेने एक ओळ आणि मध्ये टक्कल. डोळ्यांना भिंग लावल्यावर बारीक ठिपके दिसले तर मात्र दचकू नका. अलीकडच्या बऱ्याच अस्सल बाहुल्यांचे चेहरे डिजिटल छपाईचे असतात. आणि अस्सल-नकलीबद्दल फार नाक वर करू नये असं मला आपलं वाटतं. खुद्द बार्बी लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून बेतलेली आहे. मॅटेलच्या रूथ हँडलर यांना ती युरोपच्या प्रवासात दिसली, आणि मॅटेलने लिलीचे हक्क विकत घेतले ते बार्बी बाजारात आल्यावर पाच वर्षांनी, १९६४ मध्ये.

बॉक्समधून काढायची का, याचं उत्तर आपल्या हवेत एकच आहे: काढा. बॉक्स न उघडता ठेवली की किंमत वाढते हे खरं असेल, पण ते कोरड्या देशांतल्या लोकांचं खरं. माझ्याकडची एक सणाची खास बाहुली मी नऊ वर्षं बॉक्स न उघडता माळ्यावर ठेवली होती. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत माळा रिकामा केला तेव्हा बॉक्सच्या काचेला आतून तेलकट धुरकटपणा आलेला दिसला. उघडली. मनगटाला लावलेलं बारीक रबर विरघळून गुळासारखं चिकट झालं होतं आणि त्याखाली चॉकलेटी कडं उमटलेलं. खालचा गुलाबी टिश्यू पोटरीला चिकटून त्याचा रंग कातडीत उतरला होता. कडं आजही आहे. बॉक्सच्या तळाशी कसर लागून पुठ्ठ्याची चाळण झाली होती, म्हणजे ज्याच्यासाठी उघडली नव्हती तेही गेलं.

होतं काय, तर बाहुलीचं डोकं आणि बहुतेकींचे हात मऊ विनाइलचे असतात. मूळचं विनाइल कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. उष्णता आणि वर्षं, दोन्ही मिळून ते हळूहळू बाहेर ढकलतात. पाय चिकट लागायला लागले की समजायचं, ते द्रव्य वर आलंय. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसायचं, पूर्ण वाळवायचं, वरून टाल्कम पावडरचा हलका हात. पुन्हा येईल, पुन्हा पुसायचं. याच द्रव्याला दुसरं प्लास्टिक सापडलं की ते त्याला खातं. म्हणून मऊ हाताची बाहुली थर्माकोलवर किंवा स्वस्त पारदर्शक डब्यात टेकवून ठेवू नका. टेकली तिथे डबा वितळल्यासारखा होतो. डांबरगोळ्या तर कपाटात नकोच, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कडूनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पुरे, तीही बाहुलीला न टेकवता.

उघडताना एक जपा. डोक्याच्या मागे पारदर्शक प्लास्टिकची खुंटी असते, शर्टाच्या लेबलला असते तशी. ती खेचून काढली तर कवटीला भोक राहतं. नखं कापायच्या बारीक कात्रीने केसांच्या मुळाशी कापा, आतलं टोक आतच राहू द्या. केस कार्डाला टाक्यांनी शिवलेले असतील तर टाका मागून, म्हणजे कार्डाच्या बाजूने तोडा. मी एकदा पुढून तोडला आणि चार बटा छाटल्या.

मग तिला लगेच काचेच्या कपाटात नेऊ नका. विशेषतः वापरलेली असेल तर. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या खिडकीशी एक स्टीलचा ट्रे आहे, त्यात पांढरा सुती पंचा. नवी बाहुली तिथे पंधरा दिवस. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. या पंधरा दिवसांत तीन गोष्टी कळतात. एक वास: सिगरेट, उदबत्ती, बुरशी. दुसरं कसर-किडा. तिसरं, डोकं गळतंय का. काही बाहुल्यांच्या डोक्यात केस पकडायला गोंद भरलेला असतो आणि उन्हाळ्यात तो मुळांतून वर येतो. धुतल्यावर दोन दिवसांनी केस पुन्हा मुळाशी चिकट झाले तर गोंद आहे. त्याला कायमचा इलाज नाही. कॉर्नफ्लोअर मुळांत चोळून रात्रभर ठेवायचं आणि झटकायचं, दर उन्हाळ्यात. आमच्याकडच्या 'मॉन्स्टर हाय' जातीच्या दोन बाहुल्यांना हा त्रास आहे, एप्रिल लागला की त्यांचा नंबर लागतो.

धुताना मानेचं भोक खाली ठेवा. डोक्यात पाणी राहिलं तर पावसाळ्यात आतून बुरशी येते आणि ती विनाइलमधून काळ्या डागांसारखी दिसते. केस टोकाकडून वर विंचरत या. सॅरन नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याचे केस गरम पाण्यात बुडवले की सरळ होतात, पण धागा कुठला हे माहीत नसेल तर एका मागच्या बटेवर आधी करून बघा. नाहीतर झाडूची काडी करून घ्याल.

आता तुमचं कपाट. पश्चिमेची खिडकी, नेरुळ, मार्च ते मे. चार ते साडेसहाचं ऊन थेट बाहुल्यांच्या तोंडावर. कपाट हलवता येत असेल तर बाजूच्या भिंतीला न्या. नसेल तर खिडकीला यूव्ही फिल्म लावा आणि दुपारी पडदा ओढा. पहिल्यांदा विटतो तो लाल रंग, ओठ आणि लाल केस. कपाट अगदी हवाबंद करू नका, विनाइलमधून सुटणाऱ्या वाफेला जायला वाट हवी. सुताराला वर-खाली दोन भोकं पाडायला सांगा, जाळी लावून. आणि दीड-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवा. माझा जुलैत पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात असतो. काच बंद करून सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की साठपर्यंत येतो, त्याहून खाली आणायचा आटापिटा मी सोडून दिला. निळे दाणे गुलाबी झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. तो तवा मात्र पोळ्यांचा नको.

आपला पावसाळा असा, म्हणून माझ्या बाहुल्यांच्या वहीत नवी बाहुली आल्या दिवशी पेन्सिलने चढते. नंबर, कुठून, किती रुपये, पाठीवरचे आणि मानेवरचे आकडे, केसांचा धागा, उणेपण. पेनने नोंद होते ती दसऱ्याला. एक पावसाळा आमच्या घरात काढला, चिकटली नाही, डागाळली नाही, केस गळले नाहीत, तर ती राहिली. काही दसऱ्याआधीच दुसऱ्या घरी गेल्या, त्यात दोन तर फार हौसेने घेतलेल्या होत्या. तुम्ही तीन एकदम न घेता पावसाळ्याआधी एक घ्या असं जे माझ्या मनात आहे, ते यामुळेच.

कपड्यांचा रंग हा या सगळ्यातला सर्वांत गुपचूप शत्रू. काळा, मरून, गडद निळा कापडाचा रंग दमट हवेत विनाइलमध्ये उतरतो आणि धुतल्याने जात नाही. ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी रुमालाला रंग दिसला तर ते कापड बाहुलीच्या अंगाला नको, किंवा आत पांढऱ्या मलमलचं अस्तर हवं. डाग पडलाच तर मुरुमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त डागावर लावून प्लास्टिकच्या कागदाने झाकायचं आणि काही तास उन्हात ठेवायचं. चेहऱ्यावरच्या रंगाला ते लागू देऊ नका. बऱ्याचदा डाग जातो, कधीकधी जागा आजूबाजूपेक्षा फिकी पडते, आणि मग वाटतं डागच बरा होता.

नऊवारीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत एकीला रुखवतातल्या बाहुलीसारखी जाडजूड पैठणी गुंडाळलेली दिसली, म्हणून. बार्बी एकास सहा या प्रमाणात असते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, सहाने भागा, एकशे सदतीस सेंटीमीटर. पन्ना एकोणीस-वीस. लांबी-रुंदी अशी भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही, तिथेच सगळं फसतं. खऱ्या पैठणीचा काष्टा बाहुलीच्या पायांमध्ये उशी कोंबल्यासारखा होतो. बायको जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या मलमलच्या ओढण्या वापरते. काठ म्हणून ब्लाउजपीसची सगळ्यात अरुंद जर. निऱ्या बोटांनी पडत नाहीत, त्या विणायच्या बारीक सुईवर घालायच्या, पाण्याचा हबका मारून रात्रभर चापात ठेवायच्या. टाचण्या नकोत, दमट हवेत गंजतात. तसंच धातूच्या कानातल्यांचं. जुन्या बार्बींच्या कानाभोवती हिरवं वर्तुळ येतं ते तांब्याच्या गंजाचं. ऐरोलीच्या त्या बाहुलीचेही कान बघून घ्या.

राहिली भाची. चार वर्षांच्या मुलीला काचेमागे अकरा बाहुल्या दाखवून हात लावू नको म्हणणं मला जमलं नसतं. तिच्यासाठी आयएसआयची एक साधी नवी बार्बी घ्या आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, तिचा हात पोचेल अशी. गल्लीतली दोनशेची देऊ नका, त्या प्लास्टिकमध्ये काय मिसळलंय ते कुणी तपासलेलं नसतं आणि पोरं बाहुलीचे पाय चावतात. आमच्याकडे खालचा कप्पा नातीचा आहे. तिथल्या तिघींचे केस तिने कापलेत आणि एकीला पेनाने मिशी काढलीय. वहीत त्यांनाही नंबर आहेत.